रुळले, पण रुजले का?

परक्या मुलखात गेलेली मुले मोठ्यांच्या आधी तिथली भाषा बोलू लागतात. पोर रुळले, आता काळजी नाही, असे मग घरच्यांना वाटते. रायपूरजवळच्या माना छावणीची कहाणी मात्र वेगळेच काही सांगते.

रायपूर विमानतळाजवळचे 'माना कॅम्प' ही आता नगर पंचायत आहे. नावातला 'कॅम्प' मात्र जुन्या दिवसांची आठवण ठेवून आहे. १९६४ च्या सुरुवातीला पूर्व पाकिस्तानात दंगली उसळल्या आणि हिंदू कुटुंबांचे लोंढेच्या लोंढे सीमा ओलांडून भारतात आले. पश्चिम बंगालमध्ये निर्वासितांची आधीच गर्दी झालेली. तेव्हा यातल्या अनेकांना रेल्वेने मानाला आणण्यात आले. १९७१ च्या बांगलादेश युद्धाच्या वेळी आणखी भर पडली.

माना हा खरे तर वाटेतला मुक्काम होता. केंद्र सरकारने १९५८ मध्ये दंडकारण्य प्रकल्प सुरू केला होता. त्यानुसार बस्तर आणि ओरिसातील कोरापूट जिल्ह्यांत या कुटुंबांना जमिनी द्यायच्या होत्या. काही कुटुंबे महाराष्ट्रातही आली. गडचिरोली जिल्ह्यातील मुलचेरा आणि चामोर्शी भागांत त्यांची गावे वसली.

नदीकाठची मुले माळावर

यातली बहुतेक कुटुंबे नमशूद्र समाजातली, शेती आणि मासेमारीवर जगणारी. त्यांची मुले नद्या, खाड्या आणि होड्यांच्या मुलखात वाढलेली. इथे सभोवती मुरमाड माळ, सालाची जंगले आणि उन्हाळ्यात आटणारे नाले. घरात बंगाली, शाळेत हिंदी, बाजारात छत्तीसगडी किंवा हलबी, अशा तीन भाषांचा संसार मुलांच्या वाट्याला आला.

त्यातली एक अडचण वरवर गमतीची वाटते. बंगालीत नामांना व्याकरणातले लिंग नसते. 'गाडी आली' आणि 'घोडा आला' यांतला फरक मराठी मूल बोलता बोलता शिकते. बंगाली मुलाला हिंदी बोलताना तो पाठ करावा लागतो. चुकले की वर्ग हसतो, आणि दोनचारदा हसे झाले की मूल हात वर करायचेच सोडते. शिक्षकांना ते मूल 'शांत' वाटते. प्रत्यक्षात ते गप्प झालेले असते.

गप्पांची भाषा, पुस्तकाची भाषा

कॅनडातील भाषाशिक्षणतज्ज्ञ जिम कमिन्स यांनी स्थलांतरित मुलांच्या अभ्यासातून एक महत्त्वाची गोष्ट दाखवून दिली. खेळण्या-बोलण्यापुरती नवी भाषा साधारण दोन वर्षांत येते. पुस्तकाच्या भाषेत वर्गाची बरोबरी करायला मात्र पाच ते सात वर्षे लागतात. मैदानावर फडाफडा बोलणारे मूल शाब्दिक गणितात अडते, ते याच कारणाने. त्याला लगेच 'मठ्ठ' ठरवणे हा अन्याय आहे. घरची भाषा बंद करणे हा त्यावरचा उपायही नव्हे. पहिली भाषा पक्की असली की दुसरी तिच्या आधाराने चढते.

छत्तीसगडातच याचे दुसरे उदाहरण आहे. १९६० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत सरगुजातील मैनपाट येथे तिबेटी निर्वासितांची वसाहत झाली. तिबेटी मुलांच्या शाळांसाठी केंद्र सरकारने १९६१ मध्येच स्वतंत्र संस्था स्थापन केली होती. त्यामुळे इतर विषयांबरोबर तिबेटी भाषा आणि संस्कृतीही शाळेतच शिकता आली. बाहेरच्या जगात वावरताना घरचे विसरावे लागले नाही.

कायमचा पत्ता नसला की

बंगाली निर्वासितांच्या मुलांना आणखी एक घाव सोसावा लागला. नापीक जमीन, पाण्याची टंचाई आणि परकेपणा यांना कंटाळून १९७८ मध्ये हजारो कुटुंबांनी दंडकारण्य सोडले आणि सुंदरबनातील मरीचझापी बेट गाठले. तिथे त्यांनी वस्ती उभारली, मुलांसाठी शाळाही काढली. पण जानेवारी १९७९ मध्ये पश्चिम बंगाल सरकारने बेटाची नाकेबंदी केली आणि मे महिन्यात वस्ती उठवली. अनेकांना पुन्हा दंडकारण्यात धाडण्यात आले. ज्या मुलाला उद्या आपण कुठे असू हेच ठाऊक नाही, त्याने पाढे तरी कोणत्या मनाने पाठ करायचे?

कागदांची अडचण वेगळीच. नमशूद्र समाज पश्चिम बंगालमध्ये अनुसूचित जातींत मोडतो. पुनर्वसन झाले त्या मध्य प्रदेश आणि महाराष्ट्राच्या यादीत मात्र त्याचे नाव नव्हते. राज्य बदलले आणि मुलांच्या शिष्यवृत्तीचा व राखीव जागांचा आधार गेला. ही मागणी पुढे अनेक वर्षे चालत राहिली.

लेखक मनोरंजन ब्यापारी हे याच पिढीतले. बारिसालहून निर्वासित होऊन आलेल्या या मुलाला शाळा मिळाली नाही. तरुणपणी तुरुंगात असताना ते लिहा-वाचायला शिकले, पुढे रिक्षा ओढता ओढता लेखक झाले आणि २०२१ मध्ये पश्चिम बंगाल विधानसभेवर निवडून आले. त्यांची जिद्द असामान्य खरी, पण प्रत्येक मुलाकडून अशा जिद्दीची अपेक्षा का करावी?

आपल्या शेजारच्या बाकावर

असे मूल आपल्याही गावात असते. कधी वीटभट्टीवरच्या मजुराचे, कधी बदली होऊन आलेल्या कर्मचाऱ्याचे, तर कधी परदेशातून परतलेल्या नातलगाचे. त्याच्यासाठी एवढे नक्की करता येईल :

• शिक्षणहक्क कायद्यानुसार ६ ते १४ वर्षांच्या मुलाला जन्मदाखला किंवा शाळा सोडल्याचा दाखला नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही. वयानुसार वर्ग आणि मागे पडलेल्या अभ्यासासाठी विशेष प्रशिक्षण हा त्याचा हक्क आहे. पालकांना हे सांगा.

• दवाखान्यात, कचेरीत मुलालाच दुभाषा करू नका. मोठ्यांच्या चिंता त्याच्या डोक्यावर येतात.

• त्याचे नाव नीट उच्चारायला शिका. आपल्या मुलालाही शिकवा.

• पहिल्या दिवशी त्याला एक सोबती द्या. डबा खायला बोलावणारा एक मित्र मिळाला की निम्मी भीती पळते.

• घरी आईची भाषा बोलू द्या. तिच्यातल्या गोष्टी आणि गाणी टिकली तर आजीशी नाते टिकते.

नव्या जागी रुळण्याचे काम मूल स्वतःच करते, तेही मोठ्यांपेक्षा लवकर. पण रुजण्यासाठी त्याला स्थिर घर, धीराचा शिक्षक आणि हक्काचा कागद लागतो. या तिन्ही गोष्टी देणे मोठ्यांच्याच हाती आहे.