फाइल ओळखीच्या माणसाकडून आली, म्हणून उघडायची?

भीमा-कोरेगाव प्रकरणात २०१८ साली अटक झालेल्या रोना विल्सन यांच्या लॅपटॉपविषयीचा अहवाल फेब्रुवारी २०२१ मध्ये समोर आला. बचाव पक्षाच्या विनंतीवरून अमेरिकेतील आर्सेनल कन्सल्टिंगने तो तयार केला होता. त्यानुसार १३ जून २०१६ रोजी ओळखीच्या कार्यकर्त्याच्या ईमेल खात्यावरून आलेली फाइल उघडली गेली आणि 'नेटवायर' हा छुपा प्रोग्राम लॅपटॉपमध्ये शिरला. पुढे बावीस महिने लॅपटॉप दुसऱ्याच्या ताब्यात होता आणि त्यात पत्रे घुसवली गेली, असे अहवाल म्हणतो. खटल्याचे काय ते न्यायालय ठरवेल. आम्हाला महत्त्वाचे वाटते ते हे, की ती फाइल परक्या नावाने आली नव्हती.

म्हणून पाठवणाऱ्याच्या नावाआधी फाइलचे नाव पाहावे, तेही शेवटच्या टिंबानंतरचे. विंडोज ही अक्षरे मुळात लपवून ठेवते, त्यामुळे 'निमंत्रण.पीडीएफ.ईएक्सई' आपल्याला फक्त 'निमंत्रण.पीडीएफ' दिसते. फाइल एक्सप्लोररच्या 'व्ह्यू'मध्ये 'फाइल नेम एक्स्टेन्शन्स' चालू करा. शेवटी ईएक्सई, एमएसआय, व्हीबीएस किंवा एलएनके असेल तर तो कागद नाही. उघडताच काहीतरी चालू होणार. झिप-रार म्हणजे बांधलेली गाठोडी. त्यातही पासवर्ड लावलेल्या गाठोड्यात अँटिव्हायरसलाही डोकावता येत नाही.

मोबाइलवर धोका एपीकेचा. लग्नपत्रिका, वाहतूक चलान अशा नावांनी ती ग्रुपवर फिरते, एसएमएस वाचण्याची परवानगी मागते आणि बँकेचा ओटीपी परस्पर पळवते. पत्रिकेला एसएमएस कशाला वाचायचे असतात? शिष्यवृत्तीच्या नावाने आली तरी तेच. महाडीबीटीचा अर्ज पोर्टलवर भरायचा असतो.

शंका आली तर पाठवणाऱ्याला फोन करा. त्याच चॅटमध्ये विचारू नका; खाते चोरीला गेले असेल तर उत्तरही चोरच देईल. 'व्हायरसटोटल' या संकेतस्थळावर एकच फाइल अनेक अँटिव्हायरसकडून तपासून मिळते. पण तिथे टाकलेली फाइल सुरक्षा कंपन्यांनाही पाहता येते. जातीचा दाखला, कार्यकर्त्यांची यादी, वकिलाचे कागद तिथे टाकू नयेत. आणि 'काही सापडले नाही' याचा अर्थ फाइल निर्धोक आहे असा होत नाही. नवा व्हायरस यादीत यायला वेळ लागतो.

फाइल उघडली गेलीच असेल तर आधी इंटरनेट बंद करा. दुसऱ्या फोनवरून बँकेला कळवा, पासवर्ड बदला आणि पैसे गेले असतील तर लगेच १९३० वर तक्रार द्या. घाबरून फोन फॉरमॅट करू नका, त्याबरोबर पुरावाही जातो.