चौकशीच्या टेबलाची दुसरी बाजू : टिम सलिव्हन यांच्या 'जॉर्ज क्रॉस' मालिकेतील स्वमग्न तपास अधिकारी

इंग्रजी रहस्यकथेला विक्षिप्त नायकाचे वावडे कधीच नव्हते. शेरलॉक होम्सपासून ही परंपरा अखंड चालत आली आहे. मात्र होम्सचा विक्षिप्तपणा हा बुद्धिमत्तेचा अलंकार होता. त्याला वैद्यकीय नाव नव्हते आणि त्याची किंमतही त्याला फारशी मोजावी लागत नव्हती. पटकथाकार व चित्रपट-दिग्दर्शक टिम सलिव्हन यांनी २०२० पासून लिहिलेल्या रहस्यकादंबऱ्यांचा नायक डिटेक्टिव्ह सार्जंट जॉर्ज क्रॉस हा या परंपरेतला असूनही तिच्यापासून वेगळा आहे. तो ब्रिस्टल शहरात, एव्हन अँड समरसेट पोलीस दलाच्या गंभीर गुन्ह्यांच्या विभागात काम करतो. तो स्वमग्न आहे, ही गोष्ट वाचकाने तर्काने ओळखायची नसून मालिकेत ती उघडपणे सांगितलेली आहे. या मालिकेच्या आधारे, स्वमग्न व्यक्ती चौकशीच्या टेबलाच्या कोणत्या बाजूला बसते यावर कथेचा अर्थ कसा पालटतो, हे पाहण्याचा प्रस्तुत लेखात प्रयत्न केला आहे.

आरंभी संज्ञेविषयी थोडे सांगणे आवश्यक आहे. 'ऑटिझम' हा शब्द स्विस मनोविकारतज्ज्ञ ऑयगेन ब्लॉयलर यांनी विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकाअखेरीस 'स्वतः' या अर्थाच्या ग्रीक शब्दावरून घडविला आणि तोही छिन्नमनस्कतेच्या संदर्भात. पुढे लिओ कॅनर (१९४३) व हान्स अ‍ॅस्पर्गर (१९४४) यांनी तो बालकांच्या वर्णनासाठी वापरला. आपला 'स्वमग्नता' हा प्रतिशब्द ब्लॉयलर यांच्या मूळ कल्पनेशी इमानदार आहे, आणि तेथेच अडचण आहे. स्वतःत बुडालेला, म्हणून इतरांविषयी बेपर्वा, असा ग्रह हा शब्द ऐकताक्षणी होतो. क्रॉसचे सारे लक्ष तर बाहेर असते : वस्तू, नोंदी, वेळा, साक्षीदाराने नेमका कोणता शब्द वापरला यांकडे. मग्नता आहे, परंतु ती 'स्व'ची नव्हे. रूढ झालेला शब्द म्हणून तो येथे वापरला आहे, एवढेच.

मार्क हॅडन यांची 'द क्युरियस इन्सिडेन्ट ऑफ द डॉग इन द नाइट-टाइम' ही कादंबरी २००३ मध्ये प्रसिद्ध झाली. तिचे शीर्षक कॉनन डॉयल यांच्या 'सिल्व्हर ब्लेझ' या होम्सकथेतून घेतलेले आहे. तिचा पंधरा वर्षांचा निवेदक ख्रिस्तोफर हा शेजारणीच्या मेलेल्या कुत्र्याजवळ सापडतो. पोलीस शिपाई एकामागून एक प्रश्न विचारतो, दंडाला धरतो. स्पर्श सहन न होऊन मुलगा त्याला मारतो आणि त्याला अटक होते. त्याने काही लपविलेले नाही. त्याची उत्तरे खरी आहेत, पण अपेक्षित आकारात बसणारी नाहीत.

हा प्रसंग केवळ काल्पनिक नाही. नजर चुकविणे, अस्वस्थ हालचाल, प्रश्नाचा शब्दशः अर्थ घेऊन दिलेले तुटक उत्तर ही खोटेपणाची लक्षणे मानण्याची सवय पोलिसी चौकशीत खोलवर रुजलेली होती. अमेरिकेतील 'रीड' तंत्रात तर देहबोलीवरून असत्य ओळखण्याला पद्धतीचेच स्थान मिळाले. ब्रिटनमध्ये कबुलीजबाबावर विसंबण्याची किंमत 'गिल्डफर्ड फोर' व 'बर्मिंगहॅम सिक्स' या खटल्यांनी दाखवून दिली. १९७५ मध्ये शिक्षा झालेल्या या निरपराध माणसांची सुटका अनुक्रमे १९८९ व १९९१ मध्ये झाली. १९८४ च्या पोलीस व फौजदारी पुरावा कायद्याने संशयितांच्या चौकशीला नियमांची चौकट घातली. मानसिक दृष्ट्या असुरक्षित व्यक्तीच्या चौकशीवेळी एक 'योग्य प्रौढ' उपस्थित असावा, ही तरतूद याच कायद्याखालील आचारसंहितेतली. १९९० च्या दशकाच्या प्रारंभी 'पीस' ही चौकशीपद्धती आली. कबुली उकळणे हे तिचे ध्येय नाही. आधी तयारी करावी, संशयिताला त्याचे म्हणणे पूर्ण सांगू द्यावे, मग ते ज्ञात पुराव्याशी ताडून पाहावे, असा तिचा क्रम आहे.

हे लक्षात घेतले म्हणजे क्रॉसच्या चौकशीदृश्यांचे मर्म उलगडते. तो कागदपत्रे घेऊन बसतो. शांतता भरून काढण्याची घाई त्याला होत नाही, कारण शांततेचे अवघडलेपण त्याला जाणवतच नाही. समोरच्याच्या मोहक बोलण्याचा, रागाचा वा तुच्छतेचा त्याच्यावर अपेक्षित परिणाम होत नाही. संशयित आणि त्यांचे वकील त्याला हमखास कमी लेखतात. अंदाज बांधणे त्याला मुळातच नापसंत असल्याने तो पुराव्यापलीकडे जात नाही. अटकेवर न थांबता न्यायालयात टिकेल असा खटला उभा करणे, हा त्याचा ध्यास असतो. ज्या गुणांमुळे ख्रिस्तोफर संशयित ठरला, तेच गुण टेबलाच्या दुसऱ्या बाजूला ठेवताच सुधारित चौकशीपद्धतीला हवे असलेले गुण ठरतात. माणूस बदललेला नाही, खुर्ची बदलली आहे.

येथे एक कबुली द्यावीशी वाटते. आपल्या मौखिक परीक्षेचे टेबलही याच जातीचे असते. काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याने प्रकल्पावरील प्रत्येक प्रश्नाचे अचूक उत्तर खिडकीकडे पाहत दिले. 'आणखी काही सांगाल?' या माझ्या प्रश्नाला तो 'हो' म्हणाला आणि गप्प बसला. उद्धटपणा समजून मी त्याचे गुण कापले. प्रश्नाचे उत्तर त्याने दिलेले होते, प्रश्नच माझा सदोष होता, हे मला क्रॉस वाचताना उमगले. त्या विद्यार्थ्याला काही निदान झाले होते किंवा कसे, हे मला ठाऊक नाही. गुण कापण्यापूर्वी ते ठाऊक असण्याची गरजही नव्हती.

मालिकेतील बळींची निवडही या दृष्टीने लक्षणीय आहे. 'द डेन्टिस्ट' या पहिल्या कादंबरीत मृत व्यक्ती बेघर आहे. बेघरांमधील भांडण म्हणून प्रकरण मिटविण्याकडे इतरांचा कल असतो, क्रॉस मात्र ते पंधरा वर्षांपूर्वीच्या न उलगडलेल्या खुनापर्यंत नेतो. 'द पेशंट' (२०२२) मध्ये मुलीने आत्महत्या केली हे न मानणारी आई त्याच्या दृष्टीस पडते. कोणाचा मृत्यू महत्त्वाचा आणि कोणाचा दुय्यम, ही सामाजिक उतरंड त्याच्या तर्काला ग्राह्यच वाटत नाही. त्याला करुणा म्हणावे की काटेकोरपणा, हे लेखक ठरवीत नाहीत, हे बरे.

स्वीडन-डेन्मार्कमधील 'ब्रोन' (२०११–२०१८) या दूरचित्रवाणी मालिकेतील माल्मोची तपास अधिकारी सागा नोरेन ही क्रॉसची ज्येष्ठ भगिनी म्हणता येईल. तिच्या निदानाचे नाव मात्र संहितेत येत नाही. त्यामुळे सागाचे व्यक्तित्व एका लेबलात कोंडले जात नाही हे खरे, पण तिच्याशी जुळवून घेण्याची जबाबदारीही कोणावर पडत नाही. ती सहकाऱ्यांच्या व्यक्तिगत चांगुलपणावर अवलंबून राहते. क्रॉसची स्थिती ज्ञात असल्याने त्याची सहकारी जोसी ऑटी हिला वैतागण्याचा हक्क आहे, तसेच शिकण्याचे कर्तव्यही आहे. ती त्याला शिष्टाचाराची आठवण करून देते, आणि त्याच्याशी नेमके कसे बोलावे हे स्वतःही शिकते. समाजशास्त्रज्ञ डेमियन मिल्टन हे स्वतः स्वमग्न आहेत. आकलनाचा अभाव एकाच बाजूला नसून दोन्ही बाजूंना असतो, असा 'दुहेरी सहानुभूती'चा सिद्धान्त त्यांनी २०१२ मध्ये मांडला. ऑटी व क्रॉस यांचे संवाद म्हणजे त्याचे जणू प्रात्यक्षिक होय.

तथापि दोन आक्षेप उरतात. पहिला गंभीर आहे. क्रॉसला विभागात स्थान आहे ते खुन्यांना शिक्षा मिळवून देण्यात त्याचा हात कोणी धरू शकत नाही म्हणून. वरिष्ठ अधिकारी कार्सन त्याला सोसतो, कारण त्याचे निकाल विभागाला हवे असतात. सामान्य कुवतीच्या स्वमग्न शिपायाची मालिका कोणी लिहिलेली माझ्या वाचनात नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ मधील २१ प्रकारांत स्वमग्नतेचा समावेश आहे आणि त्या अधिनियमाने दिलेले हक्क असामान्य प्रतिभेच्या अटीवर दिलेले नाहीत. आपल्या वर्गांत मात्र खाली मान घालून बसणारा पहिला आला तर 'अभ्यासू' ठरतो, आणि जेमतेम उत्तीर्ण झाला तर 'घुमा'.

दुसरा आक्षेप निवेदनाचा. ख्रिस्तोफर, हॅडन यांच्या मर्यादांसह का होईना, 'मी' म्हणून बोलतो. क्रॉसविषयी मात्र तृतीयपुरुषी निवेदक बोलतो, आणि अनेकदा त्याच्या वागण्याचे स्पष्टीकरण एखाद्या दुभाष्याप्रमाणे वाचकाच्या कानात सांगतो. ऑटीला जे कष्टाने शिकावे लागते, ते वाचकाला असे आयते मिळते.