लोणावळ्याचा झेंडा कुठे आहे?

पोकाटेलो, आयडाहो

झेंडा म्हटलं की आपल्याला देश आठवतो, पक्ष आठवतो, नाहीतर देवळाचा कळस. अमेरिकेत गावांनाही स्वतःचे झेंडे असतात आणि लोक त्यांवरून तावातावाने भांडतात. २००४ साली झेंड्यांच्या अभ्यासकांनी इथल्या १५० शहरांच्या झेंड्यांना गुण दिले, त्यात पोकाटेलो शेवटचं आलं. पांढऱ्या कापडावर गावाची जाहिरातवजा घोषणा आणि सोबत चक्क ट्रेडमार्कची खूण! २०१५ मध्ये पॉडकास्टकार रोमन मार्स यांनी टेडच्या भाषणात तो झेंडा जगाला दाखवला. मग समिती बसली, लोकांकडून चित्रं मागवली गेली आणि २०१७ मध्ये नवा झेंडा आला: लाल शिखरं, पोर्टनफ नदीची निळी रेघ आणि वाटा जिथे मिळतात त्या रेल्वेच्या गावाची खूण म्हणून होकायंत्राची चांदणी.

डोंगर, नदी, रेल्वे. हे तर आमचंच वर्णन! राहवेना म्हणून घरी फोन लावला: लोणावळ्याच्या झेंड्यावर काय हवं?

भाचा म्हणाला, ‘‘मामा, चिक्की!’’

आई मागून कडाडली, ‘‘चिक्की पाहुणे घेऊन जातात. आपलं काय ते सांग.’’ तिला एकवीरा हवी. पवन मावळात भातशेती करणाऱ्या मामांना इंद्रायणी भाताची लोंबी हवी. रेल्वेतून निवृत्त झालेल्या काकांना बोरघाटाचा बोगदा हवा. १८६३ साली गाडी घाट चढली, पण त्या कामात हजारो मजूर गेले, त्यांची खूण कुठेच दिसत नाही, म्हणून. काकू कार्ल्याच्या चैत्याच्या कमानीवर अडून बसल्या. तासभर वाद चालला. एकानेही धबधबा किंवा धुकं मागितलं नाही.

माझं मत लोहगडाच्या विंचूकाट्याला. डोंगराची ती लांब सोंड आणि तिच्यावरची तटबंदी पोरालाही न बघता काढता येईल. चांगल्या झेंड्याची कसोटी तीच. २०२५ मध्ये लोहगड जागतिक वारशाच्या यादीत गेला. त्याच्या पायथ्याच्या गावांनी मात्र प्रत्येक चौकात तोच ‘आय लव्ह’चा फलक का उभारावा? नाव बदललं की तो कुठल्याही गावाला चालतो.

नगरपरिषदेने या पावसाळ्यात मावळातल्या शाळांकडून चित्रं मागवावीत. आंदर मावळ, नाणे मावळ, पवन मावळ, कोणालाही वगळू नये. निवड पाहुण्यांना काय आवडेल यावर नको, इथे राहणाऱ्यांना काय आपलं वाटतं यावर व्हावी. वाद होईलच. तो होऊ द्यावा. पोकाटेलोलाही नवा झेंडा लोकांकडून चित्रं मागवूनच मिळाला.