कल्ल्यांतील रक्ताभिसरण आणि उत्सर्जन : पैनगंगेच्या उन्हाळी डोहांच्या संदर्भात

माहूर तालुक्याच्या सीमेवरून वाहणाऱ्या पैनगंगेचा प्रवाह उन्हाळ्यात क्षीण होतो व मासे डोहांत अडकतात. अशा डोहांतील मत्स्यमृत्यूचे कारण बहुधा केवळ प्राणवायूच्या टंचाईत शोधले जाते. हे निदान अपुरे आहे. कारण कल्ले हे श्वसनाप्रमाणेच उत्सर्जनाचेही अवयव होत.

माशाच्या हृदयातून निघणारे सर्व रक्त प्रथम कल्ल्यांकडे जाते. तेथील तंतूंवरच्या पातळ पटलिकांत रक्त एका दिशेने, तर बाहेरून पाणी विरुद्ध दिशेने वाहते. त्यामुळे पटलिकेच्या संपूर्ण लांबीवर प्राणवायूचा दाब रक्तापेक्षा पाण्यात अधिक राहतो. पचलेले अन्न मात्र आतड्यातूनच रक्तात येते, कल्ल्यांतून नव्हे. येथे गल्लत होऊ नये. गोड्या पाण्यातील मासा कल्ल्यांवाटे घेतो ते सोडियम, क्लोराइड, कॅल्शियम यांचे आयन.

अमिनो आम्लांच्या विघटनातून मुख्यत्वे यकृतात अमोनिया तयार होतो आणि रक्तावाटे कल्ल्यांपर्यंत पोहोचतो. होमर स्मिथ यांनी १९२९ मध्ये कार्प व सोनमासा यांच्यावरील प्रयोगांत दाखवून दिले, की मूत्रपिंडांच्या सहा ते दहा पट नायट्रोजन कल्ल्यांतून बाहेर पडतो. या मार्गातील वाहक आर-एच प्रथिने २००७ च्या सुमारास उजेडात आली. तथापि वाहक असला तरी अमोनिया सहजपणे जातो तो उताराच्याच दिशेने, म्हणजे त्याचे प्रमाण कमी असलेल्या पाण्याकडे.

साचलेल्या डोहात हा उतारच मंदावतो. २५ अंश सेल्सिअस तापमानास पाण्याचा सामू ७ असताना एकूण अमोनियापैकी सुमारे ०.६ टक्के भाग आयनरहित, म्हणजे विषारी स्वरूपात असतो. सामू ९ झाल्यास तो सुमारे ३६ टक्के होतो. शेवाळ दिवसा कार्बन डायऑक्साइड शोषून सामू वाढविते. म्हणजे पहाटे प्राणवायूची टंचाई आणि दुपारी अमोनियाचा दाह! मरळ मासा हवेतील प्राणवायूवर पहाट निभावून नेतो; अमोनिया टाकण्यासाठी मात्र त्यालाही पाणीच लागते.

याहून कपटी शत्रू नायट्राइट. जिवाणूंनी अमोनियापासून बनविलेला हा आयन क्लोराइडच्याच मार्गाने कल्ल्यांतून रक्तात शिरतो व हिमोग्लोबिनचे मेथेमोग्लोबिन करतो. मग पाण्यात प्राणवायू असूनही रक्त तो वाहून नेऊ शकत नाही. मत्स्यतळ्यात साधे मीठ टाकतात ते यासाठीच. क्लोराइड वाढला की नायट्राइटचा शिरकाव घटतो.

म्हणून डोहावर गेलेल्या प्राध्यापकांनी व विद्यार्थ्यांनी नुकत्याच मेलेल्या माशाचे कल्ले उघडून पाहावेत. रक्त तपकिरी दिसल्यास प्राणवायूच्या मोजणीवर न थांबता सामू, एकूण अमोनिया व नायट्राइट यांच्या नोंदी पहाटे आणि दुपारी, अशा दोन्ही वेळी घ्याव्यात.