तुझ्या हिरोला शेपूट आली कुठून?

चार मित्र सुपरहिरोंचा रोल-प्लेइंग गेम खेळायला बसले की पहिलं भांडण ठरलेलं. तुझा हिरो अर्धा प्राणी, मान्य. पण झाला कसा? 'अपघात झाला रे' म्हणून एखादा मोकळा होतो. निन्जा टर्टल्सचं १९८४ मध्ये तेच झालं, रसायनात पडून कासवं माणसासारखी झाली. पुढच्याच वर्षी त्यांचा गेमही आला.

पण जग सामाईक असेल, तर एकाचा अपघात सगळ्यांच्या गळ्यात पडतो. जॉर्ज आर. आर. मार्टिन आणि मित्रमंडळी 'सुपरवर्ल्ड' खेळायची, त्यातून १९८७ मध्ये 'वाइल्ड कार्ड्स' मालिका निघाली. तिथे सगळ्यांचं मूळ एकच, परग्रहावरचा विषाणू. त्यात मोजकेच हिरो होतात. बहुतेक जण मरतात.

आता हा खेळ मोहन्यात मांडा. रसायन म्हटलं की बोट एनआरसीकडे जाणार. रेयॉनची ही कंपनी २००९ पासून बंद आहे. कुणाचे बाबा पूर्वी तिथे शिफ्टला जात असतील, तर तिची 'वेड्या शास्त्रज्ञाची लॅब' करण्याआधी त्याला विचारा. मजा त्याचीही व्हायला हवी ना!

त्यापेक्षा उल्हास नदी घ्या. जलपर्णीखाली कोंडलेलं कासव, नदीपासून लांब गेलं की ताकद संपली. नाहीतर वारल्यांचा वाघोबा. तिथे अपघात नाहीच, करार आहे: माणसांनी नैवेद्य द्यायचा, वाघाने गुरांना हात लावायचा नाही. असा हिरो शब्द मोडेल तेव्हा काय, हे गेम मास्टरने आधीच ठरवून ठेवावं.