न्यायालयाच्या भिंतींबाहेर

एप्रिल २०२२ मध्ये अमेरिकेतील व्हर्जिनिया राज्यात, फेअरफॅक्स येथील न्यायालयात अब्रुनुकसानीचा एक दावा सुनावणीस निघाला. वादी होता विख्यात चित्रपटनट जॉनी डेप आणि प्रतिवादी होती त्याची पूर्वीची पत्नी, अभिनेत्री अँबर हर्ड. तिने २०१८ साली ‘वॉशिंग्टन पोस्ट’ या दैनिकात लिहिलेल्या लेखाने आपली बदनामी झाली, असे डेपचे म्हणणे होते. लेखात त्याचे नाव मात्र कोठेही नव्हते.

न्यायालयात कॅमेऱ्यास परवानगी होती. त्यामुळे सहा आठवडे चाललेले कामकाज घरोघरच्या मोबाइलवर दिसू लागले. वस्तुतः साक्ष ही सावकाश उलगडणारी गोष्ट होय. डेपची साक्षच चार दिवस चालली. परंतु तिच्यातील दहा सेकंदांचे हसू तेवढे कापून, त्यास संगीताची जोड देऊन लोकांनी ते समाजमाध्यमांवर पसरविले. ज्याने एक चित्रफीत आवडीने पाहिली त्याच्यापुढे यंत्र तशाच आणखी दहा आणून ठेवते. दुसरी बाजू त्याच्या दृष्टीस पडणे कठीणच. न्यायालयात ऐकीव गोष्ट पुरावा म्हणून सहसा चालत नाही आणि साक्षीदारास उलटतपासणीला तोंड द्यावे लागते. मोबाइलवरील न्यायनिवाड्यात उलटतपासणी कोण घेणार? डेपच्या बाजूच्या घोषणेखालील चित्रफिती टिकटॉकवर अब्जावधी वेळा पाहिल्या गेल्या.

लोकमताची ही लाट केवळ आजची नव्हे. १९५९ साली मुंबईत नौदलातील अधिकारी कमांडर नानावटी यांच्यावर खुनाचा खटला चालला, तेव्हा ‘ब्लिट्झ’ साप्ताहिकाने त्यांची बाजू उचलून धरली होती. ज्यूरीने आठ विरुद्ध एक मतांनी त्यांना निर्दोष ठरविले. सत्र न्यायाधीशांना हा कौल मान्य झाला नाही. त्यांनी प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले. तेथे १९६० मध्ये नानावटी दोषी ठरले आणि १९६१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तोच निर्णय कायम केला.

फेअरफॅक्सच्या ज्यूरीत सात जण होते. खटल्याविषयी काही वाचू-पाहू नये अशी त्यांना ताकीद होती. तथापि ते रोज सायंकाळी आपापल्या घरी जात. बाहेरच्या कोलाहलाचा त्यांच्यावर परिणाम झालाच, असे सिद्ध झालेले नाही, हे येथे सांगितलेच पाहिजे. १ जून २०२२ रोजी निकाल मुख्यतः डेपच्या बाजूने लागला. प्रतिदाव्यातील एका विधानाबद्दल हर्डलाही वीस लाख डॉलर भरपाई देण्यात आली होती; पण हा भाग फारच थोड्यांच्या लक्षात राहिला.

तत्पूर्वी, नोव्हेंबर २०२० मध्ये, लंडनच्या उच्च न्यायालयात डेपने ‘द सन’ या वृत्तपत्राविरुद्ध लावलेला दावा फेटाळला गेला होता. तेथे प्रतिवादी निराळा, कायदाही निराळा. ज्यूरी नव्हती, दूरचित्रण नव्हते. एकट्या न्यायाधीशांनी पुरावा तपासून, वृत्तपत्राने केलेले आरोप बहुतांशी खरे असल्याचा निर्णय दिला. ते निकालपत्र शंभराहून अधिक पानांचे आहे.

व्हर्जिनियातील निकालावर दोन्ही पक्षांनी अपिले केली. त्यांची सुनावणी होण्यापूर्वीच, डिसेंबर २०२२ मध्ये, उभयतांनी तडजोड केली.