कालप्रवासाचे विरोधाभास (कथासाहित्य)

कालप्रवासाचा विरोधाभास म्हणजे भूतकाळात गेलेल्या व्यक्तीच्या कृतीमुळे कारण आणि परिणाम यांच्या क्रमात निर्माण होणारी तार्किक विसंगती होय. विज्ञानकथा, कादंबऱ्या व चित्रपट यांत ही विसंगती प्रामुख्याने तीन प्रकारे हाताळली जाते: भूतकाळ अपरिवर्तनीय मानून, तो बदलता येतो असे मानून, किंवा समांतर विश्वांची कल्पना करून. मराठीत जयंत नारळीकर यांची 'गंगाधरपंतांचे पानिपत' ही कथा तिसऱ्या प्रकाराच्या निकटची आहे.

स्वरूप

भविष्याकडे होणाऱ्या प्रवासातून विरोधाभास उद्भवत नाही. विष्णुपुराण व भागवतपुराण यांतील कथेत राजा ककुद्मी आपली कन्या रेवती हिच्यासह ब्रह्मलोकी जातो. तेथे अल्पकाळ थांबल्यावर पृथ्वीवर सत्तावीस चतुर्युगे लोटल्याचे त्याला कळते. येथे काळाची गती भिन्न असली, तरी घडून गेलेले काहीही बदलत नाही. एच. जी. वेल्स यांच्या 'द टाइम मशीन' (१८९५) या कादंबरीतील प्रवासही मुख्यतः भविष्याकडे होतो.

भूतकाळात हस्तक्षेप होताच अडचण सुरू होते. तिचे सर्वपरिचित उदाहरण 'आजोबांचा विरोधाभास' या नावाने ओळखले जाते. नातवाने भूतकाळात जाऊन आजोबांना त्यांच्या विवाहापूर्वी ठार केले, तर नातू जन्मालाच येणार नाही. आणि तो जन्मला नाही, तर आजोबांना मारणार कोण? फ्रेंच लेखक रेने बार्जावेल यांच्या १९४० च्या दशकातील एका कादंबरीचा नायक नेपोलियनला मारावयास जातो आणि चुकून स्वतःच्याच पूर्वजाचा वध करतो.

दुसरा प्रकार कारणचक्राचा. यात एखाद्या वस्तूचा किंवा व्यक्तीचा उगमच सापडत नाही. रॉबर्ट हाइनलाइन यांच्या 'ऑल यू झोम्बीज' (१९५९) या कथेतील पात्र स्वतःच स्वतःची आई व वडील ठरते.

हाताळणीच्या पद्धती

अपरिवर्तनीय भूतकाळ: प्रवाशाची कृती ही आधीपासूनच इतिहासाचा भाग असते. 'द टर्मिनेटर' (१९८४) या चित्रपटात एका नेत्याचा जन्म रोखण्यासाठी भविष्यातून मारेकरी पाठविला जातो. मात्र त्याला अडविण्यासाठी आलेला सैनिकच त्या नेत्याचा पिता होतो. ही मांडणी तर्कदृष्ट्या सुसंगत असते, परंतु पात्रांच्या इच्छास्वातंत्र्याविषयी प्रश्न उपस्थित करते.

बदलता भूतकाळ: रे ब्रॅडबरी यांच्या 'अ साउंड ऑफ थंडर' (१९५२) या कथेत डायनासोरच्या युगात एक फुलपाखरू पायाखाली चिरडले जाते आणि परतल्यावर निवडणुकीचा निकालही बदललेला आढळतो. 'बॅक टू द फ्यूचर' (१९८५) या चित्रपटात आईवडिलांची भेट चुकल्यामुळे छायाचित्रातील भावंडे पुसट होत जातात. या पद्धतीत पात्रांच्या निर्णयांना महत्त्व येते, पण मूळ विसंगती सुटत नाही. ती केवळ लांबणीवर पडते.

समांतर विश्वे: हस्तक्षेपातून इतिहासाची वेगळी शाखा निर्माण होते व मूळ शाखा अबाधित राहते. त्यामुळे नातू दुसऱ्या शाखेतील आजोबांना मारूनही जिवंत राहू शकतो.

मराठी साहित्यात

नारळीकरांची पहिली विज्ञानकथा 'कृष्णविवर' हिला १९७४ मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेत प्रथम पारितोषिक मिळाले. ती त्यांनी 'नारायण विनायक जगताप' या नावाने पाठविली होती.

'गंगाधरपंतांचे पानिपत' या कथेतील इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत गायतोंडे अपघातानंतर अशा जगात पोहोचतात, जेथे १७६१ च्या पानिपतच्या लढाईत मराठे विजयी झाले आहेत. प्रत्यक्ष इतिहासात विश्वासराव गोळी लागून मरण पावले. त्या जगात गोळी त्यांना निसटती चाटून जाते. गंगाधरपंत काळात मागे जात नाहीत, तर त्याच काळातील दुसऱ्या विश्वात वावरतात. त्यामुळे काटेकोर अर्थाने ही कालप्रवासाची कथा नव्हे. बखरीचे फाटलेले पान खिशात राहिल्याने त्यांच्या अनुभवाला पुरावा मिळतो. त्याचे स्पष्टीकरण कॅटॅस्ट्रॉफी सिद्धान्त व पुंज सिद्धान्त यांच्या आधारे दिले जाते.

मराठी समाजाच्या स्मृतीत पानिपतचा पराभव खोल रुजलेला आहे. कथा 'तसे झाले असते तर' या प्रश्नाला उत्तर देते, परंतु पराभव पुसून टाकत नाही. गंगाधरपंतांच्या मूळ जगात विश्वासराव परत येत नाहीत. विरोधाभास टाळल्याचे मोल असे, की घडलेली हानी कायम राहते.

भौतिकशास्त्राशी संबंध

कुर्ट ग्योडेल यांनी १९४९ मध्ये व्यापक सापेक्षतेच्या समीकरणांची अशी उकल मांडली, की तीत भूतकाळात परतण्याचे मार्ग संभवतात. ह्यू एव्हरेट यांनी १९५७ मध्ये मांडलेल्या पुंजयामिकीच्या अर्थबोधातून 'अनेक विश्वे' ही कल्पना पुढे आली. इगोर नोविकोव्ह यांचे स्वसुसंगतीचे तत्त्व अपरिवर्तनीय भूतकाळाच्या कल्पनेशी जुळते. निसर्गनियमच भूतकाळातील प्रवास रोखत असावेत, असे अनुमान स्टीफन हॉकिंग यांनी १९९२ मध्ये मांडले.

हे सुद्धा पहा

जयंत नारळीकर
पानिपतची तिसरी लढाई
विज्ञानकथा